जुन्या लेन्सचे भाव का चढलेत, आणि सत्तर-दोनशे आत्ताच घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धरणगावकडे लग्नाचं काम करता, कॅनॉनची मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी घेतली आहे, आता सत्तर-दोनशे एफ २.८, म्हणजे ७० ते २०० मिमीची लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स, सेकंड-हॅन्ड शोधताय. पण चांगल्या लेन्सचे जुने भाव उतरायच्या ऐवजी चढत चाललेत. मग आत्ताच घेऊन टाकावी का? आणि ‘चांगली लेन्स म्हणजे सोनं, कधीही मोडा’ असं दुकानदार म्हणतो, ते खरं का?

सोन्याचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. खरं नाही. जळगावला सराफाकडे अंगठी मोडायला नेली तर तो कस बघतो, वजन करतो, भाव सांगतो. चार पेढ्या फिरलात तरी आकडा फारसा हलत नाही. लेन्स मोडायला काढा. गिऱ्हाईक आधी बॉक्स आणि बिल मागेल, मग मोबाइलचा टॉर्च लावून आत डोकावेल, मग ‘विचार करून सांगतो’ म्हणून जाईल आणि येणारच नाही. मी पहिली मोठी लेन्स घरी आणली तेव्हा आमच्या आजीने ती हातात तोलून विचारलं होतं, “इतला पैसा कसाले? हाई सोनं शे का काच शे?” काच शे, आजी.

मी पाचोऱ्यात स्टुडिओ चालवतो. सुरुवात रोलच्या कॅमेऱ्यावर झाली, त्यामुळे लेन्सचे भाव पडतानाही पाहिलेत आणि चढतानाही. सरसकट सगळ्याच लेन्स महाग झालेल्या नाहीत. काहींचे भाव आभाळाला भिडलेत आणि त्यांच्याच शेजारच्या कपाटात काही चांगल्या लेन्स पडून आहेत. तुम्हाला हवी ती यातली कोणती, यावर सगळं अवलंबून आहे.

भाव कसा चढतो, याची माझ्यापुरती गोष्ट सांगतो. साधारण २००९ साली भुसावळला एका भंगारवाल्याकडे झेनिट नावाचा रशियन कॅमेरा मिळाला. रेल्वेतल्या कुणा साहेबाचं क्वार्टर रिकामं झालं असावं. शटर मेलेलं होतं, पण पुढे हेलिओस ४४-२ लेन्स होती, ५८ मिमी, एफ २. पाचशे रुपयांत सगळं आलं. घरी येऊन स्वस्तातलं अ‍ॅडॉप्टर लावून माझ्या निकॉनवर बसवली, तर जवळचं फोकस होई आणि लांबचं काही केल्या होईना. लेन्स खराब म्हणून ड्रॉवरमध्ये टाकली.

लेन्स खराब नव्हती, हिशोब चुकत होता. प्रत्येक कॅमेऱ्यात माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कडीपासून, सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. हेलिओस ज्या एम४२ नावाच्या, स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या आट्यांची आहे त्यांचं अंतर ४५.४६ मिमी. निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५. म्हणजे लेन्स सेन्सरपासून मिलिमीटरभर जास्तच लांब बसणार, आणि तेवढ्याने लांबचं फोकस गेलं. कॅनॉनच्या जुन्या एफडी लेन्सचं नशीबही असंच फुटलं. त्यांचं अंतर ४२ मिमी. कॅनॉनने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला तो ४४ मिमीचा. झालं, कंपनीच्या स्वतःच्या सुंदर लेन्स कंपनीच्याच नव्या कॅमेऱ्यावर, मध्ये जादा काच घातल्याशिवाय, नीट बसेनात. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या लेन्सना कुणी विचारत नव्हतं.

मग मिररलेस आला. आरसाच नाही म्हटल्यावर हे अंतर एकदम कमी झालं: सोनीचं १८ मिमी, कॅनॉनच्या नव्या आरएफ माउंटचं २०, निकॉनच्या झेडचं १६. आता कुठलीही जुनी लेन्स घ्या, मध्ये पोकळ नळकांडं लावा, फोकस बरोबर. २०१३ मध्ये सोनीने ए७ काढला आणि फुल-फ्रेमवरही, म्हणजे जुन्या रोलच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरवरही, हे जमू लागलं. ज्या काचा भंगारात होत्या त्यांना रातोरात गिऱ्हाईक आलं. आणि त्या जुन्या लेन्स बनणं तर बहुतेक कधीच बंद झालेलं, नवा माल येणार कुठून. माझी ड्रॉवरमधली हेलिओस एका दोस्ताच्या सोनीवर लावून पाहिली तर मागची झाडं भोवऱ्यासारखी फिरलेली दिसली. पुण्याच्या एका पोराला अडीच हजारांना दिली आणि आठवडाभर खुशीत होतो. आज तशीच लेन्स विकायला ठेवलेली दिसते तेव्हा आकडा वाचून मी पान उलटतो.

त्यात भर सिनेमा-जाहिरातवाल्यांची. त्यांना आजची सुईसारखी टोकदार लेन्स नको असते, जुन्या काचेचा थोडा मऊपणा आणि उजेडाची सांडलवंड हवी असते. जुन्या फोटोच्या लेन्स नव्या धातूच्या खोळीत बसवून ते वापरतात. अशी लेन्स एकदा तिकडे गेली की बाजारात परत येत नाही. वर हौशी संग्राहक. निकॉनची ५८ मिमी एफ १.२ नॉक्ट १९७७ पासून १९९७ पर्यंत निघाली. तिच्यातली एक काच हाताने घासून घडवायचे. तिचा आजचा भाव तुम्ही-आम्ही फक्त ऐकायचा. मला हा शौक नाही, फोटो काचेच्या किमतीवर ठरत नाही असं मी मानतो. आमच्याकडे चाळीसगावला केकी मूस (१९१२-१९८९) नावाचे फोटोग्राफर होऊन गेले, त्यांनी घराबाहेर न पडता टेबलावर वस्तू मांडून निसर्गदृश्यं उभी केली. पण ज्याला परवडतं त्याने घ्यावी, माझं काय जातं!

तर ही चढलेल्या भावाची एक जात. तुमची सत्तर-दोनशे या जातीची नाही. तिचा भाव वेगळ्याच कारणाने चढलाय: नवी महाग झाली की जुनी तिच्या पाठोपाठ चढते. मोबाइलने कॅमेऱ्याचा धंदा खाल्ला. २०१० मध्ये जगभरात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ मध्ये ऐंशी लाखही नाहीत. एवढ्या कमी मालावर कारखाना चालवायचा तर प्रत्येक नगामागे जास्त पैसे काढायला हवेत, म्हणून कंपन्यांचं सगळं लक्ष महागड्या मालावर. आपला रुपया २०११ मध्ये डॉलरला पंचेचाळीसच्या आसपास होता, २०२४ मध्ये त्र्याऐंशीच्या पुढे. नव्या लेन्सवर १८ टक्के जीएसटी वेगळा. २०२५ मध्ये अमेरिकेने जपानी मालावर आयात शुल्क वाढवलं आणि निकॉनसारख्या कंपन्यांनी तिथले भाव वाढवले. त्याचा आपल्याशी थेट संबंध नाही, पण आपल्याकडचा विकणारा तिथल्या साइटवरचा आकडा बघून इथे भाव सांगतो. लक्षात घ्या, तो आकडा बहुतेक वेळा नुसता मागितलेला असतो, कुणी दिलेला नसतो. भाव बघायचा तर विकून झालेल्या मालाचा बघा.

कॅनॉनवाल्यांचं आणखी एक दुखणं आहे. सोनीने २०११ मध्येच आपल्या ई माउंटची माहिती दुसऱ्या कंपन्यांना खुली केली. त्यामुळे सिग्मा, टॅमरॉनच्या लेन्सचा तिकडे सुकाळ, आणि सोनीच्या जुन्या लेन्सना फार ताठ राहता येत नाही. कॅनॉनने आरएफचं दार बंद ठेवलं. २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला आत घेतलं ते लहान सेन्सरच्या लेन्सपुरतंच. फुल-फ्रेमला ऑटोफोकसची चांगली झूम हवी तर कॅनॉनचीच घ्या. म्हणून आरएफ सत्तर-दोनशे सेकंड-हॅन्डमध्येही उतरत नाही, आणि लवकर उतरेल असं मला वाटत नाही.

पण तुम्हाला आरएफच कशाला हवी? जुन्या, आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीच्या (डीएसएलआर) ईएफ सत्तर-दोनशेची दुसरी आवृत्ती, म्हणजे आयएस टू, २०१० ची, बघा. डीएसएलआरवाले मिररलेसकडे गेले तशा त्यांनी या लेन्स धडाधड काढल्या, त्यामुळे तिचा भाव अजून माणसात आहे. २०१८ ची तिसरी आवृत्ती जास्त पैसे देऊन घेऊ नका, काचेची रचना तीच आहे, वरचं कोटिंग तेवढं नवं. कॅनॉनच्या स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझर दोन्ही चालतात, मी गेली तीन वर्षं तशीच वापरतोय. तोटा वजनाचा. ईएफ जवळजवळ दीड किलो, आरएफ एक किलो सत्तर ग्रॅम. हळदीपासून पाठवणीपर्यंत खांद्यावर घेतली की हा फरक रात्री झोपताना कळतो. शिवाय ईएफ १.२ मीटरच्या आत फोकस करत नाही, आरएफ ७० सेंटीमीटरपर्यंत येते. मेंदीचे हात काढायला दुसरी लेन्स लागेल. आणि एक भीती खरी आहे: जुन्या मॉडेलचे सुटे भाग कंपनी काही वर्षांनी बंद करते. मोटर गेली तर लेन्स गेली, असं धरूनच भाव करा.

निकॉनवाला कुणी हे वाचत असेल तर जाता जाता: ऐंशी-दोनशे एएफ-डी स्वस्तात मिळते म्हणून झेड बॉडीसाठी घेऊ नका. तिची मोटर बॉडीत असायची, कंपनीच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये ती नाही. हाताने फोकस करत बसावं लागेल, आणि वरमाला दुसऱ्यांदा घालत नाहीत.

आता कधी घ्यायची ते. आपल्या भागात लेन्सचा भाव डॉलरपेक्षा पंचांगावर जास्त चालतो, हा माझा अनुभव. तुळशीचं लग्न लागलं, कापसाचे पैसे हातात आले की लग्नांची तारांबळ सुरू होते. त्या दिवसांत लेन्स विकायला कुणी काढत नाही आणि घेणारे दहा. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, हेच. ज्येष्ठ सरला, आषाढातली देवशयनी एकादशी झाली की मुहूर्त संपतात, चार महिने कमाई नाही, आणि हप्ते तर थांबत नाहीत. तेव्हा जळगाव-धुळ्याच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर बघा, रोज एक सत्तर-दोनशे निघते. मी माझी आषाढात घेतली. विकणाऱ्याने मार्गशीर्षात जी किंमत सांगितली होती, तिच्यापेक्षा मी अकरा हजार कमी दिले. तोवर काम अडत असेल तर भाड्याने आणा. आमच्याकडे दिवसाला हजार-बाराशे पडतात. सीझनमध्ये खरंच किती दिवस ती लागते ते बोटावर मोजा. पंधरा दिवसांच्या आत असेल तर लेन्स विकत घेण्याची घाई मला समजत नाही. माझ्या कामात ती लागते मंगलाष्टकांना, कारण नवरा-नवरीसमोर मामा, काका आणि मेव्हणे मोबाइल घेऊन भिंत करून उभे असतात आणि मला मागे खुर्चीवर चढावं लागतं.

घेताना काय बघायचं, यात मी एकदा चांगलाच पोळलोय. २०१७ च्या जुलैत मुंबईच्या एका दुकानातून पंच्याऐंशी मिमी घेतली. बाहेर पाऊस, दुकानात ट्यूबलाइट, लेन्स आरशासारखी. पहिल्याच लग्नात नवरीच्या मागून ऊन आलं आणि सगळा फोटो दुधाळ. टॉर्च लावून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुकानदार म्हणाला, तुमच्याकडे लागली असेल. दोन आठवड्यांत, पाचोऱ्यात! साफ करायला तीन हजार गेले आणि कोटिंगवरचा डाग राहिला तो राहिलाच. तेव्हापासून समुद्राकाठच्या लेन्सला मी मागून टॉर्च मारतो, सरळ नाही, तिरका.

आपल्याकडच्या लेन्सचा रोग वेगळा. बुरशी कमी, कारण हवा कोरडी. पण वैशाखात पारा पंचेचाळीसच्या घरात, आणि गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅग. आतलं वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर (आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या) येतं, पाती चिकटायला लागतात. हे नुसतं बघून कळत नाही. बॉडीवर लावा, मॅन्युअलवर एफ १६ ठेवा, पांढऱ्या भिंतीचे सलग दहा-बारा फोटो मारा. एखादा मध्येच जास्त उजळ आला तर पाती अडकतात. मग पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर भिंतीला चिकटवलेल्या वर्तमानपत्राचा फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून वाचा. एक कोपरा धुरकट म्हणजे लेन्स कधीतरी पडलेली आहे, विकणारा काहीही शपथ घेवो. झूमची रिंग फिरवताना कान लावा: जिनिंगच्या गावातली किंवा सारंगखेड्याचा घोडेबाजार करून आलेली असेल तर कचकच ऐकू येते. ती धूळ फोटोत दिसत नाही, पण पाच हजार कमी करायला उपयोगी पडते. बॉक्सवरचा आणि लेन्सवरचा सिरियल नंबर जुळवा. बिल नसेल तर ग्रे मालाचा (बिल-वॉरंटीविना बाहेरून आणलेल्या) भाव द्या, बिलाचा नाही.

तुम्ही लिहिलंय की समोरचा भाऊ ‘दोन दिवसांत सांगा, दुसरं गिऱ्हाईक आहे’ म्हणतोय. सध्या कार्तिक चालू आहे, असेलही. त्याला म्हणावं दे त्याला. ज्येष्ठ संपला की पाचोऱ्याला चक्कर मारा, बॉडी बरोबर आणा. माझी आयएस टू दिवसभर लावून बघा. वजन झेपलं तर पुढचं बोलू, नाही झेपलं तर तुमच्यासाठी आरएफच बरी, आणि मग तिच्यासाठी पैसे साठवायला तुम्हाला आख्खा सीझन मिळालेला असेल.