प्रेसवरचं गार्ड ऑपरेटर काढून ठेवतात, काय करावं?

कुपवाड एमआयडीसीत तुमचं छोटं प्रेसशॉप आहे, पॉवर प्रेसला (पत्रा दाबून कापणारं, आकार देणारं यंत्र) जाळीचं गार्ड बसवलंत, पण ऑपरेटर ते काढून कोपऱ्यात ठेवतात. दंड लावू का, असं तुम्ही विचारलंय.

दंड नको. आधी एक अख्खी शिफ्ट त्या प्रेसजवळ उभे राहा. याच भागात मी 18 वर्षं डाय सेटिंग, म्हणजे प्रेसमध्ये साचा बसवायचं काम, केलंय. ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) हातानं ठेवायचा, जॉब (तयार नग) हातानं काढायचा आणि मध्ये जाळी आडवी. पीस रेटवर (जेवढे नग तेवढे पैसे) काम असेल तर ती जाळी रोज ऑपरेटरच्या कमाईतले पैसे खाते.

म्हणून गार्ड प्रेसला नाही, डायला बनवा. पत्र्याच्या पट्टीतून ब्लँक कापायचं काम असेल तर डायभोवती बंदिस्त पिंजरा करा. पट्टी सरकेल पण बोट जाणार नाही एवढीच फट ठेवा. समोर पारदर्शक पॉलीकार्बोनेट लावा, जॉब दिसला पाहिजे. सुटे ब्लँक असतील तर सरकती प्लेट करा: ब्लँक बाहेरच ठेवायचा, प्लेट आत ढकलायची. हे काम टूलरूमचं आहे, ऑपरेटरला विचारून करा.

कुणी लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, हात मध्ये आला की मशीनला थांबायचा इशारा देतो) विकायला आलं तर आधी क्लच बघा, म्हणजे फिरत्या चाकाची गती स्लाइडला जोडणारा भाग. आपल्याकडच्या जुन्या प्रेसना की-क्लच असतो. एकदा ही की (चावी) गुंतली की स्लाइड, म्हणजे डायवर खाली येणारा प्रेसचा भाग, पूर्ण फेरा मारूनच थांबते. कर्टननं हात ओळखला तरी स्ट्रोक अर्ध्यात थांबत नाही. कर्टन एअर क्लच-ब्रेकच्या, म्हणजे स्ट्रोक मध्येच थांबवता येणाऱ्या, प्रेसलाच उपयोगी. शिवाय की झिजली, स्प्रिंग तुटली तर पायाचं पेडल न दाबताही दुसरा स्ट्रोक येतो. तिथं हात वाचवतो तो पिंजराच.

1948 च्या कारखाने कायद्याचं (2025 मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली) कलम 21 हेच सांगत होतं: कुंपण नुसतं बसवायचं नाही, धोक्याचा भाग फिरतोय तोवर ते जागेवर राहिलं पाहिजे.

डाय बदलताना मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) बराच वेळ फिरत राहतं. ते थांबू द्या, स्लाइडखाली ठोकळा लावा, मगच हात घाला.

आणि पेडलवर लोखंडी झाकण आजच वेल्ड करून घ्या. माझ्या शेजारच्या प्रेसवरचा पोरगा अडकलेला जॉब काढत होता. टेबलावरचा एक तुकडा घरंगळून पेडलवर पडला. दोन बोटं गेली, उजव्या हाताची.