पार्किंगमधली वीस मिनिटं

"मॅडम, मी रोज घरी खोटं बोलते." समुपदेशनाच्या पहिल्याच सेशनला ती एवढंच बोलली आणि रडायलाच लागली. मला वाटलं काहीतरी मोठं प्रकरण असणार. तर खोटं काय, ऑफिसातून आली की खाली पार्किंगमध्ये गाडी बंद करून ती वीस मिनिटं तशीच बसून राहते, फोन नाही गाणी नाही काही नाही, आणि मग वर जाऊन सांगते की ट्रॅफिक होतं. दोन वर्षं झाली म्हणे हे चालू होऊन.

ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदललेत आणि लिहू का म्हणून तिला आधी विचारलंय. लिहायचं कारण म्हणजे "स्वतःसाठी वेळच मिळत नाही हो, काय करू" हा प्रश्न घेऊन येणारी माणसं माझ्याकडे सगळ्यात जास्त, आणि या प्रश्नाकडे कसं बघायचं ते मला खरं तर तिनेच शिकवलं.

वय चाळिशीच्या आसपास, फुल टाइम नोकरी, शाळेतली दोन मुलं, आणि वडील तिच्याकडेच, त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला. नवऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "चांगलाय तो, सांगितलं की सगळं करतो." हे वाक्य मी वहीत लिहून खाली रेघ मारून ठेवली.

आधी दोन गोष्टी तपासल्या. डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते ती भरून घेतली आणि डॉक्टरांकडे पाठवून रक्त तपासायला सांगितलं, कारण थायरॉइड किंवा रक्त कमी असणं यानेसुद्धा माणूस असाच गळून जातो आणि मग आपण मनाच्या गप्पा मारत बसतो. डिप्रेशनचा स्कोअर काळजी करण्यासारखा नव्हता, हिमोग्लोबिन मात्र कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

त्यानंतर मी चुकले. सगळे सांगतात तेच मी पण सांगितलं, सकाळी वीस मिनिटं चालायचं, दुपारी श्वासाचा व्यायाम आणि रात्री डायरी. दोन आठवड्यांनी ती मान खाली घालून आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचा होमवर्क पण झाला नाही माझ्याकडून." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. तिच्या कामांच्या यादीत मी अजून तीन कामं घातली होती आणि ती झाली नाहीत म्हणून अपराधीपणाही वाढवून ठेवला होता.

मग यादी बाजूला ठेवली आणि आठवडाभर फक्त नोंद करायला सांगितलं, दर दोन तासांनी एक ओळ, काय करत होते आणि त्याने जीवात जीव आला की अजून थकायला झालं. बदलायचं काहीच नाही. ती वही बघताना दोन जागा लगेच दिसल्या. एक तर झोप साडेपाच तास, मोठ्या माणसाला सात तरी लागतातच. आणि रात्री साडेअकरा ते एक, सगळे झोपल्यावर, मोबाइल. ती म्हणाली, बघा, वेळ आहे माझ्याकडे, मीच वाया घालवते.

मला ते पटलं नाही आणि मी तसं स्पष्ट सांगितलं. झोप समोर दिसत असून, अडवणारं कोणी नसून झोपणं पुढे ढकलत राहणं, यावर नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१४ साली लिहिलंय आणि तिथून तो विषय बराच अभ्यासला गेला. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये मला जे दिसतं ते असं की ज्याच्या दिवसातला एकही तास त्याचा स्वतःचा नसतो तो माणूस रात्री झोपेतून तास चोरतो. फोन काढून घेतला तरी ती भूक राहतेच ना.

आणि पार्किंग. त्यावर आम्ही जवळपास दोन सेशन बोललो. सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम सोडून लगेच दुसऱ्यात शिरलं की लक्षाचा एक तुकडा मागच्या कामातच अडकून राहतो आणि पुढचं काम त्यामुळे मार खातं. हिचं रोजचं तेच होतं, ऑफिसची धावपळ संपते तिथे वडिलांची आणि मुलांची सुरू, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही, म्हणून तिने ती जागा न कळत स्वतःच तयार केली होती. मी म्हटलं, ताई, आख्ख्या दिवसात तुम्ही स्वतःसाठी करता अशी सगळ्यात शहाणी गोष्ट हीच आहे. ती बघतच राहिली माझ्याकडे.

पण त्या वीस मिनिटांत तिला आराम मिळतच नव्हता, कारण सतत घड्याळाकडे नजर, कोणी बघेल का, आज काय कारण सांगू. मी विचारलं, घरी खरं सांगितलं तर काय होईल? बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कोणी काहीच म्हणणार नाही. पण बाबा वर वाट बघतायत आणि मी इथे नुसती बसलीये, हे मलाच सहन होणार नाही."

गाठ इथे होती. आधी सगळं आवरायचं आणि मगच बसायचं, हा नियम तिच्या अंगात भिनलेला, आणि आजारी माणसाचं, मुलांचं करणं कधी आवरून होतं का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे ताणाने माणूस पार रिकामा होण्याची, व्याख्या केली ती सुद्धा फक्त नोकरीतल्या ताणापुरती. घरात कोणाचं तरी करून करून जो माणूस रिकामा होतो त्याच्या थकव्याला तिथे नाव नाही, आणि नाव नसलं की माणूस त्याला स्वतःचा कमकुवतपणा समजतो, असं मला मनापासून वाटतं.

मग नवऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "मला कधी सांगितलंच नाही तिने." मी ती रेघ मारलेली ओळ काढली. अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्राच्या अभ्यासिकेने २०१९ मध्ये घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार तुकडे सांगितलेत, काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं का ते बघत राहणं. सांगितल्यावर करणाऱ्याकडे यातलं जवळजवळ काहीच येत नाही, फक्त हात येतात. म्हणून ठरलं की बाबांची औषधं आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट ही आख्खी त्याची, लक्षात ठेवण्यासकट. पहिल्या महिन्यात एकदा स्ट्रिप संपायच्या आदल्या रात्री त्याला आठवलं, धावपळ झाली, आणि तिने ते काम परत घ्यायचं जवळपास ठरवलंच होतं, मी खूप समजावून थांबवलं. पुढच्या महिन्यात त्याने आठवडाभर आधीच आणून ठेवली.

रात्रीसाठी एकच गोष्ट दिली. अमेरिकेत २०१८ साली एक छोटा प्रयोग झाला होता, ५७ तरुण मंडळी होती, झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. हिने ते केलं, डोक्यातली कामं कागदावर आली की मोबाइलचा ओढा कमी होतो म्हणाली. आता झोप साडेसहाच्या आसपास, सात अजून नाही. "एकवीस दिवसात सवय लागते ना?" विचारत होती. मी सांगितलं की लंडनच्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले होते आणि कुणाला १८ तर कुणाला अंदाजे २५४, तेव्हा मोजत बसू नका.

हे वाचून लगेच स्वतःला लावू नका, परिस्थिती वेगळी असू शकते. काही घरात वाटून घ्यायला दुसरं कोणीच नसतं, त्यांना वीस मिनिटांचा सल्ला देणं मला बरोबर वाटत नाही, त्यांच्यासाठी आठवड्यातून काही तास तरी येणारं खरंखुरं माणूस शोधावं लागतं आणि आमची अर्धी सेशन्स त्या शोधातच जातात. आणि दोन आठवड्यांच्या वर मन उदास असेल, आवडणाऱ्या गोष्टीतही काही वाटेनासं झालं असेल, जगू नये असं मनात येत असेल तर आधी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा, आजच्या आज.

पार्किंगचं शेवटी असं ठरलं की गाडी बंद केली की लगेच घरी मेसेज टाकायचा, "खाली आलेय, वीस मिनिटांनी वर येते." तो पहिला मेसेज टाकायला तिला नऊ दिवस लागले. परवा फोनवर सांगत होती की धाकटीने विचारलं, आई तू खाली काय करतेस, मी पण येऊ का बसायला?

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, काही नाही करत गं, नुसती बसते. रविवारी ये, आज नको."

आणि ती आली नाही, वर थांबली म्हणे, आजोबांपाशी.