रोज हातात घेता येतील एवढेच

लेस्टर, इंग्लंड

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. सोडून दिलेल्या पाळीव उंदरांसाठी मागच्या खोलीत निवारा सुरू करायचे तू ठरवले आहेस आणि तीन मोठ्या पिंजऱ्यांत किती उंदीर ठेवता येतील असे विचारले आहेस. माझे माप पिंजऱ्याच्या लांबीरुंदीचे नाही. नोकरीच्या दिवशी, पाहुणे आलेले असताना, स्वतःला ताप असतानासुद्धा दिवसातून एकदा प्रत्येक उंदराला हातात घेऊन नीट पाहता येईल, एवढेच उंदीर घरात घ्यावेत. एकाला तीन मिनिटे दिली तर 24 उंदरांना जवळजवळ सव्वा तास लागतो आणि तेवढाच वेळ माझ्या सकाळीत आहे. एका हिवाळ्यात मी ही संख्या 41 वर जाऊ दिली. त्या गर्दीत एका म्हाताऱ्या नराच्या छातीतली घरघर चार दिवस माझ्या कानी आली नाही, आणि ऐकू आली तेव्हा औषधाला उशीर झाला होता. त्याला प्रेम कमी पडले नव्हते. त्याच्या वाट्याची तीन मिनिटे मी दुसऱ्या कुणाला तरी देऊन बसले होते.

उंदीर आजार लपवतो, म्हणून हाताचा एवढा आग्रह आहे. पिंजऱ्याबाहेरून तो धडधाकट दिसतो, खायलाही धावत येतो. हातात घेतल्यावर मात्र पाठीचा कणा बोटांना लागतो, केस विस्कटलेले जाणवतात आणि डोळ्यांच्या, नाकाच्या कडेला लालसर खपली दिसते. नवखी माणसे त्या लालीला रक्त समजून घाबरतात. ते डोळ्यांमागच्या ग्रंथीतून येणारे पॉर्फिरिन असते. थोडे असणे नेहमीचेच, पण ते वाढले तर प्राण्याला ताण आहे किंवा आजार सुरू झाला आहे असे समजावे. नंतर त्याची कूस आपल्या कानाशी धरावी. निरोगी फुप्फुसातून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात असतोच. धूळ, थंडी, गर्दी आणि मुतलेल्या भुशातून उठणारा अमोनिया यांनी त्याला जोर चढतो. पाइन किंवा देवदाराचा भुसा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नकोस, कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा चुरा घे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणारा उंदीर दिसला तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. उंदरांवर मन लावून उपचार करणारा पशुवैद्य शोधणे हे पिंजरे विकत घेण्याच्या आधीचे काम आहे, कारण कुत्र्यामांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात तो मिळत नाही.

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यासारख्या, पण या कामासाठीच वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर सगळ्यांचे वजन करून वहीत लिहावे. आपल्या डोळ्यांना जे आठ दिवसांनी कळते ते वही आधी सांगते. साफसफाईबद्दल एकच सांगते: संपूर्ण पिंजरा एकाच दिवशी घासूनपुसून काढू नये. स्वतःचा वास पार नाहीसा झाला की ते बेचैन होतात आणि जागोजाग मुतून नव्याने खुणा करतात. कोपऱ्यातली घाण रोज उचलावी आणि झोळ्या व कापडे आळीपाळीने धुवावीत.

आता नव्याने येणाऱ्यांविषयी. माझ्या दारात एकदा कुणी तरी पुठ्ठ्याचे खोके ठेवून गेले. वर लिहिले होते, ‘दोन माद्या’. त्यातला एक नर निघाला आणि मादी गाभण होती. उंदरीण 21 ते 23 दिवसांत विते, एका वेळी आठ-दहा किंवा त्याहूनही अधिक पिल्ले होतात आणि व्यायल्यावर एका दिवसातच ती पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे नराला त्याच घटकेला बाजूला काढले नसते तर तिच्या अंगावर पिल्ले पीत असतानाच पुढची वीण पोटात वाढू लागली असती. एका जोडीपासून एखाद्याच्या घरात काही महिन्यांत शंभर उंदीर कसे होतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. म्हणून आणणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नकोस, नर-मादी स्वतः तपास, आणि नरांबरोबर राहिलेली प्रत्येक मादी निदान 23 दिवस वेगळी ठेव. पिल्ले झालीच तर आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास, लव दाट होण्याआधी, माद्यांच्या पोटावर स्तनाग्रांचे ठिपके दिसतात. ते पाहून नोंद करावी आणि पाचवा आठवडा पुरा होण्याच्या आत नर पिल्ले आईपासून व बहिणींपासून वेगळी करावीत. हा दिवस चुकवून चालत नाही.

नवे उंदीर आधीच्यांच्या खोलीत आणू नयेत. दोन आठवडे वेगळी खोली, वेगळे कपडे, वेगळी भांडी, आणि हाताळायचे ते शेवटी. यात माणसांचाही विचार आहे. 2017 मध्ये अमेरिकेत पाळीव उंदरांपासून माणसांना सेऊल हंताविषाणूची, म्हणजे उंदरांच्या लघवी-विष्ठेच्या धुळीतून पसरणाऱ्या एका विषाणूची, लागण झाली होती, आणि त्याच्या काही वर्षे आधी ब्रिटनमधल्या पाळीव उंदरांतही तो सापडला होता. असे क्वचित घडते, तरी कोरडी घाण झाडूने उडवण्याऐवजी ओली करून पुसावी, आणि उंदीर चावल्यानंतर ताप आला तर डॉक्टरांना उंदीर पाळल्याचे न लाजता सांगावे.

तुझ्या आजीला हे काम अजून पटलेले नाही, असे तू लिहिलेस. माझी आईही साताऱ्याहून फोनवर हेच म्हणत असे. 1896 मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात जी प्लेगची साथ आली, तिची आठवण आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. ती भीती खोटी नव्हती, म्हणून आजीशी वाद घालू नकोस. घरात वाढलेल्या उंदराला उकिरड्यावरच्या उंदरांच्या, प्लेग पसरवणाऱ्या पिसवा लागत नाहीत, एवढे शांतपणे सांग. गणपतीच्या पायाशी बसलेल्या मूषकाला लाडू देणाऱ्या बाईला उरलेले हळूहळू उमगेल.

सर्वांत अवघड प्रश्न तू विचारलेला नाहीस, म्हणून मीच मांडते. उंदीर एकटा राहू शकत नाही, आणि त्याचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असते. दत्तक दिलेल्या जोडीतला एक जातो आणि मागे राहिलेला खाणे टाकतो. त्या घरी नवा सोबती द्यावा, तर तो पुढे एकटा पडतो, आणि ज्यांना आता थांबायचे आहे त्यांनाही थांबता येत नाही. माझा नियम असा आहे की म्हातारा सोबती उसना द्यायचा, आणि शेवटी उरेल तो माझ्याकडे परत यायचा. हे दत्तकपत्रातच लिहून घ्यावे. अशा परत येणाऱ्यांसाठी मी चार जागा नेहमी रिकाम्या ठेवते. त्या रिकाम्या दिसत असताना फोनवर ‘आत्ता जागा नाही’ असे म्हणणे मला आजही जड जाते, तरी मी म्हणते, आणि जवळच्या दुसऱ्या निवाऱ्याचा क्रमांक देते.

रविवारी सकाळी सातला ये. जुने कपडे घाल आणि अत्तर लावू नकोस. खिडकीजवळच्या पिंजऱ्यातल्या तीन माद्यांचे वजन तू करशील. त्यांतल्या करड्या मादीचे मागच्या खेपेस 312 ग्रॅम भरले होते, पण काल हातात घेतली तेव्हा ती मला हलकी वाटली.

तुझी,
मावशी