वाचकांचे प्रश्न : अधिसूचना कोणाच्या हातात?

प्रश्न : नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला ज्या शिवसेनेने विरोध केला, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी पुढे त्याच प्रकल्पासाठी बारसूची जागा सुचवली. पर्यावरण हा पक्षांसाठी केवळ सोयीचा विषय आहे, असेच समजायचे का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : आपला राग रास्त आहे, मात्र घटनांचा क्रम पाहिला, तर सोयीपलीकडचेही काही दिसते. मे २०१७ मध्ये नाणार परिसरातील जमीन औद्योगिक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाली, तेव्हा राज्यात भाजप-शिवसेनेचे सरकार होते आणि उद्योग खाते शिवसेनेच्याच सुभाष देसाई यांच्याकडे होते. आंब्याच्या कलमांवर आणि मासेमारीवर जगणारी गावे विरोधात उभी राहिल्यावर २३ एप्रिल २०१८ रोजी नाणारच्या सभेत देसाई यांनी अधिसूचना रद्द केल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते मंत्र्यांचे वैयक्तिक मत असल्याचे सांगितले. अखेर अधिसूचना रद्द झाली ती मार्च २०१९ मध्ये, लोकसभेसाठी युती जाहीर झाल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत.

याचे मूळ कायद्यात आहे. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी केंद्र सरकार देते, पण औद्योगिक क्षेत्र जाहीर करणे आणि भूसंपादन करणे ही कामे राज्याची आहेत. त्यामुळे असा वाद मुंबईत मंत्रालयाच्या दारी येतो आणि आघाडीतील धाकट्या पक्षाला थोरल्याशी घासाघीस करण्याचे साधन मिळते. शिवाय कोकणातले गाव कोकणापुरते नसते. लालबाग-परळपासून भांडुपपर्यंत पसरलेल्या चाकरमान्यांची ग्राममंडळे गावच्या प्रश्नावर बैठका घेतात, आणि ज्या पक्षाचा जीव मुंबई महापालिकेत आहे त्याला त्यांचे ऐकावेच लागते.

तरीही जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये तेथे माती परीक्षण सुरू झाले तेव्हा सरकार बदलले होते, ठाकरे आंदोलकांच्या बाजूने बोलत होते, आणि त्यांच्याच पक्षाचे स्थानिक आमदार राजन साळवी प्रकल्पाचे समर्थन करत होते. माझ्या मते खरी उणीव इथे आहे : विरोध एका जागेला होता, त्याचे धोरण कधी झाले नाही. कागदोपत्री पडीक वाटणारा कातळाचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, पावसाळ्यात गवताफुलांनी भरतो, त्यात मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला मिळते आणि बारसूच्या सड्यावर कातळशिल्पे, म्हणजे खडकात कोरलेली प्राचीन चित्रे, आहेत. या सड्याचे काय करायचे, हा प्रश्न पक्षांच्या भांडणात मागेच राहिला, याचे मला मनापासून दुःख आहे.

प्रश्न : आरेच्या मेट्रो कारशेडचा निर्णय प्रत्येक सरकारने फिरवला. मग आंदोलनाने काय साधले? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडण्यास सुरुवात झाली, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवेपर्यंत २,००० हून अधिक झाडे गेली होती. विधानसभेचे मतदान अवघ्या अडीच आठवड्यांवर होते. ठाकरे सरकारने कामाला स्थगिती दिली, पुढे कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरवले. तेथील मिठागराच्या जमिनीवर केंद्राने हक्क सांगितला आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ते काम थांबवले. जून २०२२ मध्ये शिंदे सरकार येताच कारशेड पुन्हा आरेत आली. झाडे वाचली नाहीत, हे मान्यच करावे लागते. मात्र मधल्या काळात आरेतील ८०० हून अधिक एकर जमीन राखीव वन ठरवण्यात आली, आणि ते या आंदोलनावाचून झाले असते असे मला वाटत नाही.

प्रश्न : आमच्या गावाजवळ प्रकल्पाची जनसुनावणी होण्याची शक्यता आहे. कोणत्या पक्षाकडे जावे? (एक वाचक, देवगड)

उत्तर : सगळ्याच पक्षांकडे जा, परंतु ग्रामसभेचा ठराव आधी करून ठेवा. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या पर्यावरण आघात अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असावा लागतो. तो मिळवा, आपल्या विहिरी, झरे, कलमे आणि मासळीच्या जागा त्यात नोंदल्या आहेत का ते एकेक करून तपासा, आणि जे सुटले असेल ते लेखी हरकतीत मांडून तिची पोच घ्या. आमदार उद्या पक्ष बदलले, तरी शिक्का मारलेली ती पोच तुमच्याकडेच राहील.