एएमडीचा रायझन ५ ५६०० की इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ? गेमिंग आणि घरच्या रोजच्या कामासाठी नाशिकमध्ये कोणता प्रोसेसर घ्यावा?

तुमच्या प्रश्नातून मी एवढं धरतोय: मॉनिटर सोडून बजेट ५५ हजार. गेम म्हणजे व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ आणि जमलंच तर सायबरपंक. दिवसा त्याच मशीनवर ताईंचं टॅली आणि बाबांचं एक्सेल. जुन्या आय३-८१०० मधली १६ जीबी डीडीआर४ रॅम नव्या मशीनमध्ये घालायची आहे. आणि ग्राफिक्स कार्ड? त्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "आत्ता किंवा दिवाळीनंतर, बघू." कोणता प्रोसेसर घ्यायचा हे माझ्या मते या "बघू"वरच ठरतं.

मी अंबडला नोकरी करतो. शनिवार-रविवार ओळखीच्यांची मशीन्स जोडून देणं हा छंद. माझ्या टेबलावर ५६०० आहे, मेव्हण्याकडे १२४००एफ, आणि दोन्हीवर भरपूर खेळून झालंय.

नुसत्या गेमिंगचं म्हणाल तर या दोघांत भांडण लावण्यात अर्थ नाही. दोघांचे सहा कोअर, बारा थ्रेड, दोघांचा बूस्ट (कमाल वेग) ४.४ गिगाहर्ट्झ. दोघेही २०२२ चे, इंटेलचा जानेवारीतला, एएमडीचा एप्रिलमधला. एएमडीकडे ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) आहे, इंटेलकडे १८, पण इंटेलचा एकेक कोअर थोडा ताकदवान आहे. त्यामुळे एका गेममध्ये हा दोन-चार टक्के पुढे, दुसऱ्यात तो. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर हा फरक पडद्यावर उमटणारच नाही. अशा वेळी प्रोसेसरवर डोकं खाजवण्यापेक्षा १४४ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी पैसे बाजूला काढा. व्हॅलोरंट आणि सीएस २ खेळणाऱ्याला त्याचा फरक पहिल्याच राउंडला जाणवतो.

सायबरपंकसारख्या गेममध्ये तर सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो. तिथे हे दोन्ही प्रोसेसर कार्डाची वाट बघत बसतात.

आता त्या "बघू"कडे येतो. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. १२४००एफ मध्येही नाही, त्या 'एफ'चा अर्थच तो. म्हणजे कार्ड दिवाळीनंतर घ्यायचं ठरलं तर तोवर मशीन सुरू होईल, पंखे फिरतील, पण पडद्यावर काहीही दिसणार नाही. "नवीन मशीन जोडलं, डिस्प्ले येत नाही" असे फोन मला येतात. त्यातले निम्मे एफ प्रोसेसर घेऊन केबल मदरबोर्डला लावणाऱ्यांचे असतात.

म्हणून तुम्ही न विचारलेला तिसरा पर्याय सुचवतो: साधा आय५-१२४००, एफ नसलेला. प्रोसेसर तोच, फक्त आत युएचडी ७३० ग्राफिक्स चालू. एफपेक्षा थोडा महाग पडतो. त्यावर व्हॅलोरंट कमी सेटिंगवर खेळता येतं, जीटीए ५ रिझोल्यूशन उतरवून चालतं, सायबरपंकचं नाव काढू नका. टॅली, एक्सेल, ब्राउझर, यूट्यूब यांना ते पुरून उरतं.

एफचे वाचलेले पैसे घरच्या मशीनमध्ये कसे अंगाशी येतात ते सांगतो. ग्राफिक्स कार्ड बिघडलं आणि वॉरंटीत गेलं की ते नाशिकबाहेर जातं आणि परत यायला आठवडे लागू शकतात. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याची जीएसटीआर-३बी ची मुदत २० तारखेला संपते. ताई टॅलीवर कुणाचे हिशोब सांभाळत असतील आणि नेमकं १७ तारखेला कार्ड गेलं, तर एफवाल्या मशीनवर काहीच करता येत नाही. साध्या १२४०० वर मॉनिटरची केबल कार्डातून काढून मदरबोर्डला लावायची आणि काम पुढे सुरू. नुसता खेळायचा डबा असता तर मी एवढा आग्रह धरला नसता. शिवाय व्हिडिओ कापाकापी करायची असेल तर इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ झटपट तयार करणारी सोय) याच अंगभूत ग्राफिक्ससोबत मिळतं. एफमध्ये तेही बंद असतं.

मग अंगभूत ग्राफिक्सवाला ५६००जी का नको, असं कुणी म्हणेल. त्याचं वेगा ७ ग्राफिक्स युएचडी ७३० च्या बरंच पुढे आहे हे खरं, आणि कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर मी डोळे झाकून तोच सांगेन. पण त्याची एल३ कॅश निम्मी, १६ एमबी, आणि तो पीसीआयई (कार्ड जोडायचा रस्ता) ३.० या जुन्या आवृत्तीवरच थांबतो. पुढे कार्ड लावलंत की साध्या ५६०० पेक्षा तो मागे पडतो. तुम्हाला कार्ड आज ना उद्या घ्यायचंच आहे.

५६०० चा मी शत्रू नाही, माझा स्वतःचा तोच आहे. तुमच्याकडे जुना रायझन आणि एएम४ (५६०० चा सॉकेट) बोर्ड असता तर उत्तर एका ओळीत संपलं असतं: बोर्डाचं बायोस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, ५६०० बसवा, बाकी काही बदलू नका. कार्ड आत्ताच घ्यायचं नक्की असेल आणि दुकानात ५६०० व बोर्ड मिळून इंटेलच्या जोडीपेक्षा खरंच स्वस्त पडत असेल, तरीही खुशाल घ्या.

फक्त भाव प्रोसेसरचा विचारू नका, जोडीचा विचारा. खरी गंमत बोर्डात असते. ५६०० सोबत दुकानदार बी४५० किंवा ए५२० पुढे करतो, कारण ते स्वस्त. चालतात, पण पीसीआयई ३.० वर. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० ही कार्डं आठच लेन वापरतात, त्यामुळे ३.० वर थोडं नुकसान होतं, थोडंच. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच लेनवर चालतं आणि अशा बोर्डावर चांगलंच लंगडं पडतं. बी५५० घेतलात की हा प्रश्न मिटतो. दुसरं म्हणजे एएम४ चे बोर्ड २०१७ पासून बाजारात आहेत. जुना पडून राहिलेला बी४५० मिळाला तर जुन्या बायोसमुळे तो ५६०० ओळखतच नाही. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हने घरी निस्तरता येतं. नाहीतर दुकानात अपडेट करवून, समोर चालू करून दाखवा म्हणायचं आणि मगच घरी न्यायचं.

इंटेलकडे एच६१० आणि बी६६० दोन्ही १२४०० ला पहिल्या दिवसापासून ओळखतात, बायोसची कटकट नाही. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि रॅम ३२०० च्या वर पळवता येत नाही. तुमच्या कामाला तेवढं पुरतं. मात्र बोर्ड डीडीआर४ चा आहे ना, हे खोक्यावर वाचून घ्या. १२४०० दोन्ही प्रकारच्या रॅमवर चालतो, पण बोर्ड एकाच प्रकारचा असतो. डीडीआर५ चा बोर्ड हातात पडला तर तुमची जुनी रॅम त्यात बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते.

आणि सध्या ती रॅम म्हणजे सोनं आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत की एएमडीचा नवा सॉकेट एएम५ घ्या असा सल्ला मी तुमच्या बजेटला देऊच शकत नाही, कारण तिथे डीडीआर५ शिवाय चालत नाही. एरवी मीही "नवा सॉकेट घ्या, पुढे अपग्रेड करा" हेच सांगितलं असतं. एक अडचण आहे. आय३-८१०० च्या मशीनमधल्या पट्ट्या बहुतेक २४०० किंवा २६६६ च्या असतील. दोन्ही प्रोसेसरवर त्या चालतील, थोडे एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी मिळतील एवढंच. ८ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर उत्तम. १६ ची एकच असेल तर ड्युअल चॅनल (दोन पट्ट्यांतून एकाच वेळी वाचन) मिळत नाही, आणि अंगभूत ग्राफिक्सवर खेळताना ते फार जाणवतं. पुढे कधी नवी रॅम घ्याल तेव्हा ३२०० ची घ्या. १२४०० ला त्याहून वेगवान डीडीआर४ देऊन फार काही हाती लागत नाही.

पुढच्या अपग्रेडचं म्हणाल तर दोन्ही सॉकेटची वाट इथेच संपते. एएम४ ची सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे ५७०० एक्स३डी, ९६ एमबी कॅशवाला, पण तो नवा मिळणं आता अवघड झालंय. इंटेलच्या या सॉकेटवर तेरावी आणि चौदावी पिढी बसते. एच६१० च्या बारक्या बोर्डावर आय७ बसवायची स्वप्नं मात्र बघू नका. ओएलएक्सवर सेकंडहँड १३६००के किंवा त्यावरचा स्वस्तात दिसला तर सावध राहा. त्या पिढ्यांतल्या वरच्या चिप्स जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होत होत्या. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडची (चिपच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झिजलेली चिप दुरुस्तीने बरी होत नाही. बाराव्या पिढीला हा आजार नाही, तेव्हा १२४०० निश्चिंतपणे घ्या.

वीज आणि उष्णतेबद्दलही विचारलंयत. दोन्ही ६५ वॅटचे, दोघांच्या खोक्यात पंखा येतो आणि तो पुरतो. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो तेव्हा दोन्ही पंखे आवाज करतात, ५६०० चा जरा जास्तच. एएमडी नुसतं चालू असताना थोडी जास्त वीज खातो. फरक १० वॅटचा धरा, मशीन रोज दहा तास चालू धरा, महिन्याला ३ युनिट झाले. यावरून निर्णय बदलू नये. त्यापेक्षा कॅबिनेटला पुढे जाळीचा फिल्टर आहे का ते बघा. कुंभमेळ्यासाठी शहरभर खोदकाम आहे, आणि त्या धुळीने उन्हापेक्षा लवकर पंखे बसतात.

खरेदी कुठे करायची? कॅनडा कॉर्नर, एम. जी. रोड परिसरात दोन-तीन कोटेशन घ्या, एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायला लाजू नका. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून माल आणून संध्याकाळी परत येणारे कमी नाहीत. मोठी खरेदी असेल तर भावात फरक पडतोही. पण बोर्ड आणि एसएमपीएस मी इथूनच घ्या म्हणेन, काही झालं तर स्कूटरवर नेऊन दुकानदाराच्या टेबलावर ठेवता येतं. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्या, त्यावर तीन वर्षांची वॉरंटी असते. "ट्रे"चा, म्हणजे खोक्याविना सुटा, माल स्वस्त दिसतो, त्यासोबत पंखा येत नाही आणि वॉरंटीचं काय ते दुकानदार तोंडी सांगतो. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून मागा.

तर तुमच्यासाठी माझी यादी अशी: साधा १२४००, डीडीआर४ चा बी६६० (बजेट ताणलं तर एच६१०), जुनी रॅम, ५०० जीबी किंवा १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस. तिथे काटकसर नको, दिवाळीनंतर येणारं कार्ड त्याच्याच जिवावर चालणार. उरलेले पैसे कार्डासाठी बाजूला. जुनं ६०० व्हीएचं यूपीएस असेल तर टॅलीला ते चालेल. कार्ड आल्यावर गेमच्या मध्यात लाइट गेली तर ते कदाचित भार उचलणार नाही, तेव्हा १००० व्हीएचं बघा.

खरेदीला निघण्याआधी जुन्या रॅमच्या पट्ट्या काढून त्यावरचं स्टिकर वाचा आणि किती पट्ट्या आहेत, कोणत्या वेगाच्या, ते मला कळवा. एकच पट्टी निघाली तर वरच्या यादीत थोडा बदल सुचवेन.