विंडोज जागेवर ठेवून शेजारी लिनक्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपला विंडोज ११, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. लॅबमध्ये सगळं उबुंटू लिनक्सवर चालतं, म्हणून घरीही हवं आहे. दुकानात विचारलं तर म्हणाले, फॉरमॅट मारावं लागेल. विंडोज आणि आतला डेटा ठेवून लिनक्स बसत नाही का ओ? (विद्यार्थिनी, टिळकवाडी)

उत्तर: बसतं की. फॉरमॅट मारायची काही गरज नाही. लिनक्स बसवण्याचं प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं. घोळ होतात ते त्याआधी विंडोजच्या बाजूची तयारी अर्धवट सोडल्याने. म्हणून हे उत्तर निम्म्याहून जास्त विंडोजबद्दलच आहे.

आधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याच एसएसडीवरच्या डी ड्राइव्हला बॅकअप म्हणत नाहीत.

मग एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय, बघा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बऱ्याचदा आपल्याला न विचारता चालू झालेलं असतं. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात ते दिसतं. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, मोबाइलवर फोटोही काढा. त्यानंतर एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. ही पायरी गाळली तर पुढे कधीतरी विंडोज सुरू होताना निळ्या पडद्यावर ती की मागते. ती नसेल तर डेटा गेला म्हणायचा, कुणी कितीही पैसे घेतले तरी तो परत मिळत नाही.

तिसरं काम 'फास्ट स्टार्टअप' बंद करण्याचं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' असं गेलात की तिथे ती खूण काढता येते. ही सोय चालू असताना 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते.

आता जागा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक करा आणि 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो: ८० जीबी हवे असतील तर ८१९२०. अभ्यासाला तेवढी जागा पुष्कळ झाली. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' म्हणून दिसेल. ती तशीच राहू द्या, तिला नवीन ड्राइव्हचं अक्षर देऊ नका. विंडोज पाच-दहा जीबीच्या पुढे द्यायला तयार नसेल तर हायबरनेशन, पेजफाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा, रीस्टार्ट करून पुन्हा बघा. या तिन्हींच्या फाइली डिस्कच्या मधोमध बसलेल्या असतात आणि चालू विंडोजला त्या हलवता येत नाहीत. हे काम चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, आणि पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, लहान होत असताना लाइट जाणं फार वाईट.

पहिल्यांदाच बसवत असाल तर आम्ही लिनक्स मिंट सुचवतो. मिंट २२ आतून उबुंटू २४.०४ वरच उभं आहे, त्यामुळे लॅबमधल्या बहुतेक सगळ्या कमांड तशाच चालतात, आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फाइल जवळपास ३ जीबीची आहे. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर ती एका दिवसात उतरत नाही, आणि मध्ये तुटलेलं डाउनलोड हे इन्स्टॉल फसण्याचं नेहमीचं कारण आहे. म्हणून मिंटच्या साइटवर दिलेली एसएचए-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे ओळखायचा लांब कोड) आपल्या फाइलशी ताडून बघा. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस हा विंडोजवरचा प्रोग्राम वापरून ती चढवा, पार्टिशन स्कीम जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) ठेवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मित्राकडे पडून असलेला जुना पेनड्राइव्ह वापरू नका. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या लिनक्सचे पेनड्राइव्ह 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणून अडकू लागले. ताजी फाइल घेतली तर सिक्युअर बूट (सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद करण्याची गरज सहसा पडत नाही.

लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते निवडण्याच्या यादीची) कळ दाबा: एचपीला एफ९, डेल आणि लेनोव्होला एफ१२, आसुसला एस्केप. मिंट पेनड्राइव्हवरूनच उघडेल. लगेच इन्स्टॉलकडे धावू नका. वायफाय, आवाज, टचपॅड, पडद्याचा उजेड हे सगळं आधी तपासा. इथे जे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालेल असं नाही. वायफाय मिळत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा.

इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' हा पर्याय दिसेल, त्याला हात लावू नका. 'समथिंग एल्स' निवडा, मोकळ्या जागेवर अधिकचं चिन्ह दाबा, प्रकार ईएक्सटी४, माउंट पॉइंट म्हणजे फक्त तिरकी रेघ (/). स्वॅपची (रॅम कमी पडली की वापरायची) फाइल मिंट स्वतः करून घेतं. बहुधा १०० किंवा २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन आधीपासून असतं. विंडोज आणि लिनक्स दोघांचा दरवाजा तोच, म्हणून त्यापुढच्या 'फॉरमॅट' चौकटीत खूण करायची नाही. यादीतल्या बाकी एनटीएफएस ओळी विंडोजच्या आहेत, त्यांना स्पर्श नको. एनव्हिडियाचं कार्ड असल्यामुळे बाहेरचे ड्रायव्हर घेतले तर एक पासवर्ड विचारला जातो. पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा फक्त काही सेकंद थांबतो. तो चुकला तर ड्रायव्हर लागत नाही.

यानंतर लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर मेनू येईल, वर लिनक्स मिंट, खाली 'विंडोज बूट मॅनेजर'. पहिल्याच दिवशी दोन्ही एकेकदा उघडून बघा. विंडोज नीट चालते अशी खात्री झाली की एन्क्रिप्शन पुन्हा चालू करायला हरकत नाही. नवी रिकव्हरी की मात्र परत लिहून ठेवा.

प्रश्न: पेनड्राइव्हवरून मिंट उघडतं, पण इन्स्टॉल करताना लॅपटॉपची डिस्कच दिसत नाही. यादीत फक्त पेनड्राइव्ह आहे. डिस्क खराब झाली का? (निपाणी)

उत्तर: विंडोज चालते आहे ना? मग डिस्क चांगली आहे. बहुधा बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' मोडवर आहे, काही लॅपटॉपवर त्याला 'व्हीएमडी' म्हणतात. ते 'एएचसीआय' करायला हवं. पण थेट बायोसमध्ये जाऊन बदललंत तर विंडोज सुरू होताना कोसळेल, कारण तिने एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीलाच उचलण्याची तयारी केलेली नसते. म्हणून क्रम सांभाळा. विंडोजमध्ये 'सिस्टम कॉन्फिगरेशन' उघडून 'बूट' टॅबवर 'सेफ बूट, मिनिमल' अशी खूण करा. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड बदला, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि योग्य ड्रायव्हर पकडेल. मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करा. सेफ मोडमध्ये चार अंकी पिन चालेलच असं नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड हाताशी असू द्या. एन्क्रिप्शनबद्दल वर लिहिलं आहे ते इथे दुप्पट लागू.

प्रश्न: चार महिने दोन्ही नीट चालत होते. मोठं विंडोज अपडेट झालं आणि आता मेनूच येत नाही, सरळ विंडोज उघडते. लिनक्स पुसलं गेलं का? (खानापूर)

उत्तर: पुसलं गेलेलं नाही. अपडेटनंतर विंडोजचं नाव बूटच्या रांगेत पहिलं गेलं आहे. बायोसमध्ये 'बूट ऑर्डर'मध्ये 'उबुंटू' नावाची ओळ वर घ्या. तुमच्याकडे मिंट असलं तरी ओळ 'उबुंटू' याच नावाने असते. ते न कळल्यामुळे लोक मिंट शोधत बसतात आणि शेवटी सगळं पुन्हा इन्स्टॉल करतात. ती ओळच गायब असेल तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा, मेनूतलं 'बूट रिपेअर' उघडा आणि त्यातली सुचवलेली दुरुस्ती चालवा. त्यासाठी इंटरनेट लागतं.

प्रश्न: लिनक्समधून डी ड्राइव्हवर फाइल टाकता येत नाही, फक्त वाचता येते. शिवाय लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. (चिकोडी)

उत्तर: डी ड्राइव्हचं कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज अर्धवट झोपलेली असली की लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देतं, आणि ते बरोबरच आहे. जबरदस्तीने लिहिलं तर फाइली बिघडतात. फास्ट स्टार्टअप बंद करा, विंडोज एकदा पूर्ण बंद करा.

घड्याळाचं म्हणाल तर मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ ठेवते, लिनक्स ग्रीनिच वेळ. त्यातलं अंतर म्हणजे नेमके साडेपाच तास. टर्मिनलमध्ये 'timedatectl set-local-rtc 1' ही ओळ एकदा दिली की लिनक्सही भारतीय वेळ धरतं.

प्रश्न: उद्यमबागेत वर्कशॉप आहे. जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १०, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मशीनचं सॉफ्टवेअर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं, ते सोडता येत नाही. ई ड्राइव्हमधून जागा काढली तर मिंट ती 'अनयूजेबल' दाखवतं.

उत्तर: ही डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. त्यात चारच प्राथमिक पार्टिशन बसतात, आणि सिस्टम रिझर्व्हड, सी, डी, ई मिळून तुमची चार भरली. पाचवं करायला गेलात की विंडोज 'डायनॅमिक डिस्क' करू का विचारते. तिथे हो म्हणू नका, डायनॅमिक डिस्कवर लिनक्सचा इन्स्टॉलर काम करत नाही. ई मधला डेटा हलवून ते पार्टिशन काढून टाकलं आणि त्या जागी 'लॉजिकल' प्रकारचं केलं तर भागतं.

पण कामाच्या मशीनवर आम्ही हा रस्ता घेणार नाही. २४० जीबीची साटा एसएसडी आणा, जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा, एसएसडीवर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवा, मग केबल परत लावा. केबल काढलेली असली की लिनक्सचा बूटलोडर (सुरुवातीचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) चुकूनही विंडोजच्या डिस्कवर जात नाही. कुठली डिस्क सुरू करायची ते बूट मेनूतून ठरवा. विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, तेव्हा तिकडे इंटरनेट न जोडता फक्त मशीनचं काम ठेवा. मेल आणि बँक लिनक्सवर.

प्रश्न: खडेबाजारात डीटीपी करतो. पत्रिका मराठीत, अर्ज कन्नडमध्ये. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या कळा हातात बसल्या आहेत. लिनक्सवर दोन्ही भाषा जमतील का? कोरल आणि जुन्या फाइली उघडतील का?

उत्तर: टायपिंगचं काम तुम्हाला उलट सोपं जाईल. नुडी कन्नड गणक परिषदेची, आणि तिच्या 'कगप' मांडणीच्या धर्तीवर लिनक्समध्ये कन्नडबरोबर मराठीचाही कीबोर्ड आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट्स'खाली 'कन्नड कगप फोनेटिक' आणि 'मराठी कगप फोनेटिक' दोन्ही जोडा. के दाबलं की एकीकडे कन्नडचा ಕ, दुसरीकडे आपला क. शिफ्टसह के म्हणजे ख, एल म्हणजे ल आणि शिफ्टसह एल म्हणजे ळ. बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही.

कोरल आणि पेजमेकर मात्र लिनक्सवर थेट चालत नाहीत. जुन्या नुडी फाइली आणि जुन्या श्रीलिपीच्या फाइली युनिकोडमध्ये नसतात, त्यामुळे तिकडे त्या इंग्रजी अक्षरांचा भुसा होऊन उघडतील. त्या आधी विंडोजमध्येच युनिकोड करून घ्या. छापायच्या कामासाठी विंडोज ठेवा, नवा मजकूर लिनक्सवर लिबरऑफिसमध्ये युनिकोडमध्ये टाइप करत चला. कोरलची आवृत्ती युनिकोड देवनागरी नीट जोडते का, हे दोन ओळी टाकून आधी तपासा. जोडाक्षरं फुटत असतील तर पत्रिकेचं नेहमीचं काम सध्या आहे तसंच चालू ठेवा.