आधी कोडबर्ग, मग घरचा सर्व्हर

घणसोलीच्या घरात जुन्या लॅपटॉपवर लगेच फोर्जेयो (कोड ठेवायचं, गिटहबसारखं सॉफ्टवेअर) बसवायचा तुझा बेत सध्या राहू दे. आधी कोडबर्ग या कोड ठेवायच्या साइटवर खातं उघड. तेही फोर्जेयोवरच चालतं, हात तिथेच बसेल. पुढे स्वतःचं बसवलंस तर एकट्यापुरता एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा साधा डेटाबेस भरपूर झाला.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बॅकअप त्याच डिस्कवर ठेवतात. मीही ठेवला होता. पावसाळ्यात वीज गेली, डिस्क गेली, दोन वर्षांचं काम गेलं.
- नोंदणी सगळ्यांना खुली ठेवतात. मग स्पॅमवाले घुसतात.
- फेडरेशनच्या, म्हणजे वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी जोडायच्या सोयीच्या, भरवशावर राहतात. फोर्जेयोत ते अजून अर्धवट आहे.

लिनक्स डेस्कटॉपला आयथ्री (खिडक्या आपोआप शेजारी शेजारी मांडणारा विंडो मॅनेजर) घे, पण दुसऱ्याची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, उचलू नकोस. तीन वर्कस्पेस पुरे: एडिटर, टर्मिनल, ब्राउझर. रंगरंगोटी नंतर.